सात तास उशिरा पोचणारं संत्रं

नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या पुढचंच स्थानक तुर्भे, आणि तिथल्या एपीएमसीच्या घाऊक फळबाजारात हंगामात विदर्भातली संत्री ट्रकनं येतात. त्यातलंच एक तुम्ही दुपारी एकच्या सुमारास, डबा संपवून खाल्लंत असं धरू. त्यातली साखर आणि क जीवनसत्त्व लहान आतड्यातून लगेच रक्तात शिरतात. हेस्पेरिडिन नावाचं फ्लॅव्होनॉइड मात्र मागेच राहतं. रक्तात ते सर्वाधिक दिसतं पाच ते सात तासांनी, म्हणजे तुम्ही संध्याकाळच्या लोकलमध्ये उभे असताना!

इतका उशीर का? हेस्पेरिडिनला ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज या दोन शर्करांची जोडी चिकटलेली असते, आणि या कुलपाची किल्ली माणसाच्या शरीरात नाही. आपल्या लहान आतड्यातली विकरं एकट्या ग्लुकोजला सोडवतात. ऱ्हॅम्नोज बाहेरच्या टोकाला असला, की त्यांचा इलाज चालत नाही. मग हा रेणू जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू ती जोडी तोडतात. संशोधकांनी याची खातरजमाही केली. रसातला ऱ्हॅम्नोज आधीच विकरानं काढून तो लोकांना प्यायला दिला, तर सात तासांचं काम पाऊण तासाच्या आत झालं. (पपनसातल्या नॅरिंजिनमध्येही याच दोन शर्करा असतात, फक्त जोडणी वेगळी, तेवढ्यानं ते कडू लागतं आणि हेस्पेरिडिन जवळजवळ बेचव.)

सुटका झाल्यावरही स्वागत होत नाहीच. आतड्याची भिंत आणि यकृत या पाहुण्याला परकं समजून त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात. त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो आणि साधारण दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे रक्तात फिरतं ते फळातलं मूळ द्रव्य नव्हे, त्याचं बदललेलं रूप. म्हणूनच काचेच्या बशीतल्या पेशींवर शुद्ध हेस्पेरिडिन ओतून निघालेले ‘चमत्कार’ मी तरी बेतानंच घेते. शरीरातल्या बहुतेक पेशींची त्या रूपाशी कधी गाठच पडत नाही.

जे शोषलं जात नाही त्याचं जिवाणू आणखी तुकडे करतात. ती छोटी फिनॉलिक आम्लंही रक्तात जातात. प्रत्येकाच्या पोटातली जिवाणूंची वस्ती निराळी, त्यामुळे एकाच पेटीतली संत्री खाऊन दोघांच्या रक्तात सारखंच काही उतरेल असं नाही.

१८२८ साली लेब्रेतों या फ्रेंच संशोधकानं हेस्पेरिडिन प्रथम वेगळं केलं ते संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून. रसापेक्षा ते तिथं आणि फोडींवरच्या पांढऱ्या शिरांतच जास्त असतं. तेव्हा संत्रं सोललंत की त्या शिरा निगुतीनं काढत बसू नका, फोडीबरोबर खाऊन टाका.