कडी काढली, पुढे काय?

मुलांनो, पिंजऱ्यातल्या प्राण्याची गोष्ट वाचायला घेतली, की शेवट आधीच ठाऊक असतो, हो ना? एक दुष्ट मालक, एक बिचारा प्राणी आणि एक धीट मुलगा किंवा मुलगी. रात्री सगळे झोपले, की हळूच कडी काढायची. प्राणी धूम ठोकतो, गोष्ट संपते. वर्गात अशी गोष्ट वाचून दाखवली की हमखास टाळ्या पडतात. पण दुसऱ्या दिवशी त्या प्राण्याने खाल्लं काय, झोपला कुठे? त्याबद्दल गोष्ट गप्प!

काही पुस्तकं मात्र गप्प बसत नाहीत. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची 'द यर्लिंग' ही कादंबरी १९३८ साली आली. राम पटवर्धनांनी ती 'पाडस' या नावाने इतक्या गोड मराठीत आणली, की फ्लॉरिडाचं जंगल आपल्याच गावाबाहेर आहे असं वाटावं. ज्योडीच्या वडिलांना साप चावतो. विष उतरवायला हरिणीचं काळीज हवं, म्हणून ते एक हरिणी मारतात. तिचं पाडस उघडं पडतं. आपल्यामुळे ते पोरकं झालं, मग त्याला आपणच सांभाळायला हवं, असा ज्योडीचा साधा हिशेब. मला तरी तो अगदी बरोबर वाटतो.

पण पाडस मोठं होतं. मक्याचे कोवळे कोंब खातं. ज्योडी पुन्हा पेरतो, मरमरून कुंपण उंच करतो. पाडस तेही टपकन ओलांडतं. आणि तो मका म्हणजे घराचं वर्षभराचं अन्न! इथे दुष्ट कोण, सांगा बघू? ज्योडी नाही, आईवडील नाहीत, पाडस तर नाहीच. शेवट मी सांगत नाही. वाचताना मात्र रुमाल जवळ ठेवा. पालकांनो, तुम्हीसुद्धा!

दुसरं पुस्तक अलीकडचं, कॅथरीन ॲपलगेट यांचं 'द वन अँड ओन्ली आयव्हन' (२०१२). ही गोष्ट आयव्हन नावाचा गोरिला स्वतः सांगतो. तो राहतो कुठे, तर एका बाजारसंकुलात, काचेमागे! सफाई कामगाराची मुलगी ज्युलिया त्याला कागद आणि रंग देते. शेजारच्या हत्तिणीच्या पिल्लाला तिथून सोडवायचं म्हणून आयव्हन एक भलंमोठं चित्र तुकड्यातुकड्यांनी काढतो. ते तुकडे जोडायचे आहेत, हे फक्त ज्युलियाला उमगतं.

आमच्या चौथीच्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, एवढं कशाला? ज्युलियाने दारच का नाही उघडलं?" प्रश्न चोख होता. उत्तर खऱ्या आयव्हनमध्ये आहे. होय, आयव्हन खरोखर होता! आफ्रिकेतल्या काँगोमधून त्याला लहानपणीच पकडून आणलं होतं. अमेरिकेतल्या टॅकोमा शहराच्या बाजारसंकुलात त्याने तब्बल २७ वर्षं काढली, तीही दुसरा एकही गोरिला न पाहता. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा १९९४ मध्ये त्याची रवानगी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. जंगलात नाही. माणसांत वाढलेल्या त्या जीवाला जंगलात जगणं जमलंच नसतं. पण पायाखाली गवत आलं, सोबतीला गोरिले आले. २०१२ मध्ये, पुस्तक आलं त्याच वर्षी, तो वारला.

आपल्याकडेही काही फार वेगळं नाही. पिंजऱ्यात वाढलेला पोपट एकदम सोडून दिला, तर त्याला ना खाणं शोधता येतं, ना मांजरापासून जीव वाचवता येतो. म्हणून पोपटाची दया आली तरी परस्पर दार उघडू नका, वनखात्याला कळवा. आपल्या इकडचे रानपोपट घरी पाळायला कायद्यानेच बंदी आहे, हे मात्र पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. सर्कशीतल्या वाघ-सिंहांच्या, अस्वल-माकडांच्या कसरतींवर सरकारने १९९८ मध्ये बंदी आणली. आई-बाबांनी ते खेळ पाहिले असतील, त्यांना विचारा.

आता एक जुनी गोष्ट. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याच्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीखेरीज छोट्या तुमाई नावाच्या माहुताच्या पोराचीही गोष्ट आहे. त्यांचा हत्ती काळा नाग ४७ वर्षं सरकारी चाकरीत होता. एके रात्री तुमाईचा बाप त्याची साखळी दुसऱ्या हत्तीसाठी काढून घेतो, याच्या पायात नुसती गवताची दोरी अडकवतो आणि बजावतो, तू बांधलेला आहेस बरं का! तसं तर त्याने, त्याच्या बापाने आणि आज्यानेही शेकडो वेळा केलेलं असतं.

त्या रात्री मात्र काळा नाग दोरी तोडतो, तुमाईला पाठीवर घेऊन रानात हत्तींच्या नाचाला जातो आणि सकाळी आपणहून छावणीत परत येतो. का बरं आला असेल? आमच्या वर्गात यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, तुमाईसाठी. दुसरा म्हणतो, दोरीच्या सवयीने. तुम्ही कुठल्या बाजूला, ते पत्राने नक्की कळवा.