बालकांच्या हाती मीटर आणि किलो

मराठी शाळांतून पूर्वी मुलांना पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हीही मुखोद्गत करावी लागत. त्यास कारण होते. बाजारातील वजने अर्ध्याअर्ध्याने उतरत जात : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळाच. म्हणून साखर रुपयाला शेर असेल तर छटाकाला एक आणा, हा हिशेब तोंडीच होई. ही पद्धती अडाणी होती असे समजणे अन्यायाचे ठरेल. तिची अडचण निराळी होती. छटाकाचे तोळे पाच, मणाचे शेर चाळीस, यार्डाचे फूट तीन, फुटाचे इंच बारा, अशी प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची असे. शिवाय शेर तरी सर्वत्र एकच कोठे होता?

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धती स्वीकारली. तत्पूर्वीच नाण्यांचा निर्णय झालेला होता आणि १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ नवे पैसे होत, हे सरळ होते. परंतु एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे धरले गेले. परिणामी एकेक आणा चार वेळा मोडणाऱ्यास २४ नवे पैसे मिळत आणि चवली-पावलीच्या हिशेबात एक नवा पैसा हरवे. मोठ्या माणसांना हे कोष्टक काही काळ आवश्यकच होते. मुलांना मात्र त्याची काहीच गरज नव्हती. जुन्या मापांतून नव्या मापांत रूपांतर करीत शिकणाऱ्या मुलास मेट्रिक पद्धती म्हणजे अपूर्णांकांचे जंजाळ वाटते. वस्तुतः ती त्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट आहे. एकम्, दहम्, शतम् ज्यास कळले, त्यास ३ रुपये ४७ पैसे व ३ मीटर ४७ सेंटिमीटर हे एकाच रीतीने, ३.४७ असे लिहिता येतात.

तेव्हा आरंभ कोष्टकाने न करता हाताने करावा. वर्गातील एकच बाक प्रत्येक मुलाने आपल्या वितीने मोजावा. कोणाच्या सात विती भरतील, कोणाच्या नऊ. त्यावरून वाद होईल, आणि तो होऊ द्यावा. सर्वांना मान्य होणारी काठी हवी, हे मुलांच्याच तोंडून आल्यावर मीटरपट्टी पुढे करावी.

पुढचा प्रयोग याहून मनोरंजक आहे. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर असलेली पुठ्ठ्याची उघडी पेटी करून तिच्या आत प्लॅस्टिकची पिशवी बसवावी व ती पाण्याने काठोकाठ भरावी. हे पाणी एक लिटर भरते, आणि तराजूत घातल्यास त्याचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम होते. फ्रान्समध्ये १७९५ साली ही मापे ठरली, तेव्हा लांबी, आकारमान आणि वजन यांची अशीच सांगड घातलेली होती. आज मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून (१९८३ पासून) आणि किलोग्रॅमची प्लांकच्या स्थिरांकावरून (२०१९ पासून) केली जाते. परंतु प्राथमिक वर्गास पुठ्ठ्याची पेटी पुरे.

जुने शब्द मुलांच्या कानी पडणारच. भाजीवाली आजही पाव किलो म्हणते, आणि ते २५० ग्रॅम होत. सराफाच्या दुकानी तोळा अद्याप नांदतो. मात्र मूळचा ११.६६ ग्रॅमचा हा तोळा बोलण्यात आता बहुधा दहा ग्रॅमचा झालेला आहे.