लाजेखालचे दुखणे

सक्करदऱ्याच्या चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना चरकसंहितेतील स्त्रीरोगांचे प्रकरण अभ्यासावे लागते. त्यात योनिव्यापदांचे वीस प्रकार सांगितलेले आहेत. तेथून थोड्याच अंतरावर १९४७ साली सुरू झालेले नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपल्या सर्वांचे 'मेडिकल' आहे. दोन्ही शास्त्रांची दारे अशी जवळजवळ उघडी असता, त्याच वस्तीतली बाई अवघड जागी सूज आली की ती पदराखाली झाकते, आणि फारच झाले तर 'पाय दुखतो' म्हणून सांगते. आजचा आमचा विषय हाच आहे. तो ऐकताना कोणी मान खाली घालू नये, एवढी विनंती आम्ही आरंभीच करतो.

हा विषय उघडपणे मांडणारे आम्ही पहिले नव्हेत. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, ते लोकनिंदा सोसूनच. पुढे नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, व १९८९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. दुखणे अपवादाचे नव्हते, उपचार अपवादाचा होता. हे आकडे आम्हांस कोणत्याही उपदेशापेक्षा बोलके वाटतात.

आता सूज का येते ते पाहू. बाह्यांगाची त्वचा नाजूक असते, तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, म्हणून लहानशा कारणानेही तेथे पाणी धरते. सर्वांत साधे कारण चुरचुर लावणाऱ्या वस्तूंचे. सुगंधी साबण, पावडर, जंतुनाशक द्रावण, कपड्यांत राहून गेलेली धुण्याची पूड, पाळीच्या वेळचे ओलसर कापड वा तासन् तास न बदललेली घडी, हे सारे त्वचेला सोसत नाही. स्वच्छतेच्या हौसेने जी अधिक घासते, तिलाच पुष्कळदा अधिक त्रास होतो.

दुसरे कारण बुरशीचे. खूप खाज, लाली, आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव ही तिची लक्षणे होत. ती वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. कारण मधुमेहाची पहिली वर्दी कधी कधी येथूनच मिळते.

तिसरे कारण ग्रंथीचे. योनिमुखाच्या दोन्ही बाजूंस वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. तिला सतराव्या शतकातील डेन्मार्कच्या बार्थोलिन या शारीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. तिचे तोंड बुजले की एकाच बाजूला गाठ येते. तीत पू झाला की बसणे-चालणे अशक्य होते. केस काढताना झालेल्या जखमेतून केसतूड होते, तेही असेच ठणकते. बारीक पाणीदार फोड, व्रण किंवा जांघेत अवधाण आल्यास तो संसर्ग संबंधातून आलेला असू शकतो. अशा वेळी पतीचीही तपासणी व्हावयास हवी. एकट्या बाईला औषध देऊन भागत नाही, आणि दोषही एकट्या तिच्या माथी मारणे न्याय्य नाही.

गरोदरपणी शिरा फुगून सूज येते. ती बहुधा प्रसूतीनंतर ओसरते. 'अंग बाहेर येणे' हेही पुष्कळजणी सूजच समजतात, पण त्याचा उपचार वेगळा आहे.

आपल्या भागापुरते आणखी एक कारण सांगितले पाहिजे. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. तो पायालाच होतो असा समज आहे, पण त्याचे कृमी लसिकावाहिन्यांत राहत असल्याने क्वचित स्त्रियांच्या बाह्यांगावरही सूज येते. घाण साचलेल्या पाण्यात वाढणारा डास तो पसरवितो. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात त्यावर तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. अशा मोहिमेतील गोळ्या हातात घेऊन खिडकीबाहेर टाकू नयेत. मात्र गरोदर स्त्रिया, लहान मुले व फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत.

घरी काय करावे? प्रथम साबण, पावडर, सुगंध बंद. साध्या पाण्याने फक्त बाहेरून धुवावे, टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडे वापरावेत. खाज-लालीवर गार पाण्याची घडी ठेवावी. गाठ असेल तर पसरट टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. गाठ पिळू नये, सुईने फोडू नये. लिंबू, चुना, तुरटी किंवा दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नये. सूज उतरेपर्यंत संबंध टाळावा.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठावा. ताप येणे, सूज झपाट्याने वाढणे, कातडी काळवंडणे, लघवी अडणे, पडल्यावर किंवा बाळंतपणानंतर असह्य ठणका लागणे, यांत एक दिवसही दवडू नये. गरोदरपणी चेहरा-हातांस सूज व डोकेदुखी असेल तर रक्तदाब लगेच तपासावा. ओठ सुजून श्वास लागल्यास तर तत्काळ धाव घ्यावी. चाळिशीनंतर नवी गाठ किंवा न भरणारा व्रण आढळल्यास कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी. लहान मुलीस अशी सूज दिसल्यास तिला रागावू नये. शांतपणे विचारावे, तिचे म्हणणे खरे मानावे, आणि डॉक्टरांकडे न्यावे.

तपासणी स्त्री-डॉक्टरकडून व्हावी, सोबत बहीण वा जाऊ असावी, असे म्हणण्याचा प्रत्येकीला अधिकार आहे. यांतील बहुतेक दुखणी थोड्या दिवसांच्या औषधाने बरी होतात. ती अवघड होतात ती आमच्या गप्प बसण्याने. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या मुलीस, सुनेस एवढेच सांगावे: 'तिथे काही दुखले-खुपले तर मला सांग.' एवढे झाले तरी आमचे बोलणे फुकट गेले असे आम्ही समजणार नाही.