सिमेंटचे डाग : आधी झटका, मग भिजवा

नागपूर-अमरावती महामार्गावरचे आपले कारंजा (घाडगे) असो की दुसरे गाव, गवंडी आणि रेजाकाम करणाऱ्यांच्या घरी सिमेंटचे कपडे सरळ बादलीत पडतात. चूक इथेच होते. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून कोरडी भुकटी आधी अंगणात झटकावी. तोंडाला रुमाल बांधावा.

ओला मसाला लागल्यास मात्र ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा. घट्ट झालेला थर चुरून काढावा. उरलेल्या डागावर व्हिनेगर व पाणी समप्रमाणात लावून अर्धा तास ठेवावे. आम्लाने सिमेंटमधील चुना सुटतो. रंगीत कापडाचा कोपरा आधी तपासावा. मग चांगले खंगाळून साबणाने धुवावे. चादरी-पडद्यांनाही हाच उपाय. संडासाचे ॲसिड लावू नये, सुती कापड विरते. व्हिनेगरमध्ये ब्लिचिंग पावडर मिसळू नये, विषारी वायू निघतो.

भगिनींनो, ओले सिमेंट कातडीही जाळते. मसाल्याने भिजलेला कपडा अंगावर ठेवू नका. अंग लगेच धुवा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी आपली माणसे शुभ्र वस्त्रांत नागपूरला गेली होती. विहाराचा पांढरा पोशाख कामावर नेऊ नये. पण कामाच्या डागाची लाजही बाळगू नये.