चिंकाऱ्याचा चारा आणि वाट : सणसर परिसरातील एक विचार

सणसर येथे नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगास मुख्यतः उसाची बागायत, तर वरच्या अंगास इंदापूर-बारामतीचे मुरमाड माळ आहेत. कडबनवाडीपासून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापर्यंतच्या अशा माळांवर चिंकारा आढळतो. लोकव्यवहारात त्यास हरीण म्हणतात. तथापि त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नसल्याने, शास्त्रदृष्ट्या तो सांबर-चितळांच्या कुळातील नव्हे.

फासेपारध्यांची शिकार ज्या ज्ञानावर उभी होती, त्याचे सूत्र असे : प्राणी दिसण्यापूर्वी त्याचा चारा शोधावा. पावसाळ्यात चिंकारा कोवळ्या गवतावर चरतो. गवत वाळले, की बोरीची पाने व बाभळीच्या शेंगा यांकडे वळतो. पाण्याची बरीचशी गरज तो पाल्यातून व दवातून भागवितो. म्हणून पाणवठ्यावर दबा धरणे त्याच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. खुडलेली डहाळीही साक्ष देते. सशाचे दात ती तिरपी व स्वच्छ कापतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसलेला चिंकारा ती ओरबाडून तोडतो, त्यामुळे टोक चिंध्यांसारखे राहते.

चरण्याची जागा आणि दुपारच्या विसाव्याची सावली निश्चित झाली, की त्यांना जोडणारी वाट ओढ्याच्या काठाने वा बांधाच्या खिंडीतून शोधता येते. अरुंद, टोकदार खुरांचे ठसे तिची दिशा सांगतात. एकाच ठिकाणी वारंवार पडलेल्या लेंड्यांचे ढीग तेथील नित्य वावर दर्शवितात. यांपैकी एकच खूण पुरेशी नव्हे. तिन्ही जुळल्या तरच अनुमान ग्राह्य ठरते, आणि ऋतू पालटताच ते पुन्हा तपासावे लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर चिंकाऱ्याची शिकार हा गंभीर गुन्हा झाला. परंतु वाटेचे ज्ञान निरुपयोगी झाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सणसरवरून जाणाऱ्या तुकाराममहाराजांच्या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. रस्ता, कालवा, कुंपण यांपैकी काहीही आखताना चारा एका बाजूस व विसावा दुसऱ्या बाजूस पडला, तर कोणी फासा न लावताही कळप उणावतो. माळास 'पडीक' म्हणून नोंदले, की ही वाट कोणत्याच नकाशावर येत नाही. ती प्रथम नकाशावर आणणे, हे संशोधकाचे काम होय.