वज्रेश्वरीचं पाणी कोण तापवतं?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मंडळींनो, डबा भरून घेतलात? टॉवेल? कपड्यांचा एक जास्तीचा जोड? आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर, बाईंना विचारून? घरातला ताप बघायचा नको. तो ४२ अंशांपर्यंतच दाखवतो आणि आपल्याला आज त्याच्या पलीकडे जायचंय.

तर बसा गाडीत. आजच्या सहलीचा गाइड मी. फी काही नाही, अट मात्र आहे. वाटेत प्रश्न विचारायचे आणि माझं उत्तर पटलं नाही तर खुशाल वाद घालायचा.

जायचंय वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीला. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या आसपास ही तीन गावं एकमेकांच्या शेजारीच आहेत. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. बंब नाही, गिझर नाही, खाली कोणी लाकडं सारत बसलेलं नाही. तरी रात्रंदिवस, बारा महिने पाणी येतंच आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्येसुद्धा या झऱ्यांची नोंद आहे.

मग हे पाणी तापवतं कोण? आजच्या दिवसाचा प्रश्न एवढाच. उत्तरं वाटेत गोळा करू.

पहिला थांबा अंबरनाथचं शिवमंदिर. रोज बाजूने जाता ना? आज जरा भिंतीला नाक लावून बघा. १०६० साली, शिलाहार राजांच्या काळात बांधलेलं हे मंदिर. पण मला तुम्हाला राजे दाखवायचे नाहीत, दगड दाखवायचाय. काळा, जड, बारीक कणांचा. हा बेसाल्ट. मंदिर हजार वर्षांचं आहे म्हणून आपण डोळे विस्फारतो, पण त्याचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे! तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. मलंगगड, बदलापूरच्या मागचा चंदेरी, माथेरान, सगळं त्याच थरांमधून कोरलं गेलंय. आपला जवळजवळ सगळा महाराष्ट्र या थिजलेल्या लाव्हावर बसलाय.

मागच्या सीटवरून लगेच आवाज येतो, ‘मग झालं की! लाव्हा अजून आतून गरम असणार. तोच पाणी तापवतो.’

शाबास. उत्तर चुकीचं आहे, पण झकास चुकीचं आहे. मोठी माणसंही हेच सांगतात. वज्रेश्वरीची टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असंही कोणीतरी तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. पण साडेसहा कोटी वर्षं म्हणजे काय थोडाथोडका वेळ आहे का? एवढ्या काळात तो लाव्हा केव्हाच गार पडला. मंदिराच्या भिंतीला हात लावून बघा, दुपारी उन्हाने तापते तेवढीच. हे उत्तर खोडा आणि पुढे चला.

उल्हासनगरची मंडळी चढली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं हे शहर. १९४९ साली त्याला नाव मिळालं ते नदीवरून. कल्याणला दुर्गाडीच्या पुलावर खिडकीतून खाली बघा. हीच ती उल्हास, खाडी झालेली. इथून ती वसईच्या खाडीला जाते. आपण जिच्याकडे निघालोय ती तानसा वैतरणेला मिळते. म्हणजे वसईच्या दक्षिणेला उल्हासचं पाणी आणि उत्तरेला वैतरणेचं. वसई लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

भिवंडीबद्दल मी फार बोलणार नाही, कारण यंत्रमागांच्या आणि ट्रकच्या आवाजात तुम्हाला काही ऐकूच येणार नाही. वाडा रस्त्याने अंबाडीला पोहोचलो की डावीकडे वळायचं. आता दोन्हीकडे शेतं आणि झाडं.

वज्रेश्वरीचं देऊळ टेकडीवर आहे. पायऱ्या चढून गेलात की वाटेल, हे देऊळ की किल्ला? तटबंदी काय, दरवाजावरचा नगारखाना काय! त्यामागे गोष्ट आहे. १७३९ साली बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घ्यायला निघाले होते. किल्ला काही केल्या पडेना. तेव्हा, असं सांगतात, त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, की वसई मिळाली तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. त्या वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली आणि देवीला तटबंदीचं देऊळ मिळालं. चैत्र अमावास्येला इथे मोठी जत्रा भरते.

गरम पाण्याचं एक उत्तर इथल्या लोकांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. देवीने राक्षसांना मारलं, त्यांचं ऊन ऊन रक्त जमिनीत मुरलं, ते हे पाणी. मला हे उत्तर आवडतं. खरं आहे म्हणून नव्हे, तर ज्याने ते पहिल्यांदा सांगितलं त्यालाही तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता म्हणून. पाणी बघून तो नुसता अंघोळ करून घरी गेला नाही.

आता अकलोली. चपला काढा, पळायचं नाही, फरशी निसरडी असते.

दगडी पायऱ्यांची चौकोनी कुंडं. काहींना नावं आहेत, सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड अशी. सगळ्यांचं पाणी सारखं गरम नसतं. आधी उडी नाही, आधी थर्मामीटर. झऱ्याच्या जवळ साधारण ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान पारा थांबेल, कुठे थोडा वर, कुठे थोडा खाली. वाचताना हा आकडा लहान वाटतो. आता पायाचा अंगठा बुडवा. हाय हाय करत बाहेर काढलात ना? ४२-४३ अंशांच्या पुढचं पाणी अंगाला सोसवत नाही. म्हणून जे कुंड कोमट असेल तेच धरायचं, थोडा वेळ बसायचं, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर. पाणी प्यायचं तर मुळीच नाही. साबणही पिशवीतच राहू द्या.

‘इथे अंघोळ केली की खरूज-बिरूज बरी होते म्हणे?’ काकू विचारतात. काकू, गरम पाण्याने दुखरे सांधे आणि आंबलेलं अंग मोकळं होतं, ते खरं. खरजेसाठी डॉक्टर.

आता सगळ्यांनी कुंडाच्या काठावर पालथं पडा आणि तळाकडे बघा. बुडबुडे दिसतात? एका जागेवरून माळ सुटल्यासारखे वर येतात, जरा थांबतात, पुन्हा येतात. ‘पाणी उकळतंय!’ नाही बाबांनो. पाणी उकळायला १०० अंश लागतात आणि आपला पारा तर पन्नाशीशीच रेंगाळतोय. मग हे बुडबुडे कसले?

त्यात सगळ्यात जास्त असतो नायट्रोजन. तोच, जो आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के आहे. हवेतला वायू जमिनीखालून कसा येतो? इथेच आपल्या उत्तराचा पहिला माग लागतो. हे पाणी कधीतरी हवेतून खाली आलं होतं. म्हणजे काय? पाऊस!

हो, कुंडातलं पाणी म्हणजे पाऊसच. बदलापूरला बारवी धरण भरतो, अंबरनाथला वालधुनीला पूर आणतो, तसलाच पाऊस. पडताना त्याने हवेतला नायट्रोजन थोडासा विरघळवून घेतला. मग बहुतेक थेंब नदीला लागले, पण काही थेंब खडकाच्या फटीत शिरले आणि खाली, अजून खाली निघाले. वर येताना दाब कमी झाला, तसा तो वायू पुन्हा सुटला. म्हणून बुडबुडे.

आणि त्या बुडबुड्यांत थोडासा हेलियमही असतो. फुग्यातला! तो मात्र पावसाने आणलेला नाही. खडकांमध्ये युरेनियम आणि थोरियम अगदी कणाकणाने असतात. त्यांचे अणू आपोआप फुटत राहतात, फुटताना हेलियम सोडतात आणि थोडी उष्णताही. लाव्हाच्या थरांखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे, त्यात हे जास्त. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर संपल्यावर खाली हा ग्रॅनाइट लागला होता.

तर पाणी तापवणारा सापडला. पृथ्वीच्या पोटातली उष्णता. थोडी पृथ्वी जन्मली तेव्हाची उरलेली, थोडी या फुटणाऱ्या अणूंची. ती वज्रेश्वरीखालीच आहे असं नाही, सगळीकडे आहे. तुमच्या शाळेखालीसुद्धा. साधारणपणे दर किलोमीटर खाली गेलं की तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं, कुठे कमी, कुठे जास्त. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तिथे खाली काम करणाऱ्यांसाठी वरून थंड हवा सोडावी लागायची.

चला, वह्या काढा. जमिनीवरचं तापमान धरू २७ अंश. झऱ्याचं ४८. फरक २१. म्हणजे पाणी किमान पाऊण किलोमीटर तरी खाली जाऊन आलंय. किमान म्हणतोय, कारण वर येताना ते थोडं गार होतंच. खाली ते नेमकं किती तापलं होतं, हे कळायची एक गमतीदार युक्ती आहे. पाणी जितकं गरम, तितकी खडकातली सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, त्यात जास्त विरघळते. शास्त्रज्ञ झऱ्याच्या पाण्यातली सिलिका मोजतात आणि उलटं गणित करतात. या भागातल्या पाण्याचा अंदाज १०० अंशांच्या पुढे जातो. आता मघाचंच गणित १०० धरून करा. अडीच-तीन किलोमीटर! कुंडात पाय सोडून बसलात तेव्हा पायाला लागलेलं पाणी एवढं खोल जाऊन आलेलं होतं.

‘पण मग आमच्या बदलापूरला का नाही गरम झरा?’

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. उष्णता सगळीकडे आहे, पाऊस तर तुमच्याकडे धो धो आहे. नाही ती वाट. पाण्याला झटकन वर यायला खोल भेग लागते. हळूहळू झिरपत आलं तर वाटेतच गार होईल. आता शिळी भाकरी घ्या आणि वाकवा. वाकते तिथेच तडे जातात ना? आपल्या लाव्हाच्या थरांचं तसंच झालं. माथेरानकडे ते जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या आसपास वाकतात आणि मुंबईकडे समुद्राच्या दिशेने उतरतात. या वाकण्याबरोबर किनाऱ्याला समांतर लांब भेगा पडल्या. म्हणून गरम झरे कोकणात एका ओळीत सापडतात. उत्तरेला पालघर जिल्ह्यात सातिवली, मग आपली वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरपर्यंत. नकाशावर टिंबं काढा आणि जोडा, ओळ आपोआप उभी राहील. घरी गेल्यावर हे करायचं, मी विचारणार आहे.

इंग्लंडमध्ये बाथ नावाचं गाव आहे. रोमन लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे गरम झऱ्यावर मोठी स्नानगृहं बांधली, आणि आजही जगभरचे लोक तिकीट काढून, गाइडच्या मागे मागे फिरून ती बघतात. तिथलं पाणी किती गरम? ४६ अंश. म्हणजे आपल्या अकलोलीएवढंच! तेही पावसाचंच, जवळच्या टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेलं. ज्वालामुखी तिथेही नाही. फरक असलाच तर एवढा, की त्यांनी पाणी कुठून येतं ते सांगणारे फलक लावलेत. अकलोलीला मला असा एक फलक हवाय. मोठा, मराठीत, बुडबुड्यांच्या चित्रासकट.

गणेशपुरीला जाता जाता शेवटची गंमत. तिथे भीमेश्वराच्या देवळाशी कुंडं आहेत, नित्यानंद स्वामींचं समाधी मंदिर आहे आणि गर्दी असते. पण तुम्ही बघा कुंडातून पाणी बाहेर पडतं ती मोरी. दगडावर हिरवट बुळबुळीत थर दिसेल. ‘ई’ करू नका. गरम पाण्यातही सूक्ष्म जीव मजेत राहतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात, सुमारे ७० अंशांच्या पाण्यात, असाच एक जिवाणू सापडला. त्याचं नाव थर्मस ॲक्वाटिकस. त्याच्यातला एक पदार्थ गरम केला तरी बिघडत नाही, म्हणून प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढायला तो वापरतात. करोनात तुमच्या नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर चाचणी आठवते? त्या चाचणीचं मूळ या जिवाणूपर्यंत जातं.

चला, भूक लागली. डबे उघडा. आणि कोणीतरी हळूच पिशवीतून कच्चं अंडं काढतंय, मला दिसतंय! कुंडात उकडायचंय ना? इथे होणार नाही. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला साधारण ६० अंशांच्या वर जावं लागतं. शिवाय लोक अंघोळ करतात त्यात अंडं घातलं तर पुजारी काय म्हणतील ते मला ऐकायचं नाही. उन्हवऱ्याचा झरा सुमारे ७० अंशांचा आहे, तिथे अंडं निदान अर्धंमुर्धं तरी होईल. भात शिजवायचा असेल तर मात्र हिमाचल प्रदेशात मणिकर्णला जावं लागेल. तिथे कापडात तांदूळ बांधून कुंडात सोडतात आणि शिजलेला भात वर काढतात. पण ती सहल एका दिवसात होत नाही, आणि तिच्यासाठी तुम्हाला घरी चांगलीच वकिली करावी लागेल.