पोरं वस्तीवरची

नीरा नदी पूर्वेकडे वाहते, म्हणून तिचा डावा काठ म्हणजे उत्तरेचा काठ. १८७६-७७च्या दुष्काळानं सरकारचे डोळे उघडल्यावर या काठानं कालवा खोदला गेला आणि १८८५ साली त्यात पाणी आलं. निंबूत, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव अशा गावांच्या वरच्या अंगानं ते बारामतीकडे आणि पुढं इंदापूरकडे गेलं. या पाण्यानं किती एकर भिजलं आणि किती ऊस पिकला, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाण्यामागं माणसं गावठाण सोडून शिवारात राहायला गेली आणि तिथं त्यांची पोरं वाढली, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलेलं नाही.

नव्या मुलखात घर करणाऱ्यांच्या गोष्टी आपण परक्या देशांच्या वाचतो. अमेरिकेत १८६२च्या कायद्यानं १६० एकर जमीन मिळत असे; पाच वर्षं तिथं राहून ती कसायची, एवढीच अट. पंजाबात लायलपूरच्या बाजूला सरकारनं कालव्याबरोबर नवी गावंच वसवली. नीरेवर यातलं काही घडलं नाही. इथली जमीन आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर होती. सरकारनं पाणी सोडलं आणि पट्टी लावली, बाकीचं ज्यानं त्यानं बघायचं होतं.

ते बघायला पुढं आले सासवडचे माळी. उसाला भांडवल लागतं, शेणखत लागतं, दीड वर्ष दम धरावा लागतो आणि शेवटी गूळ करायची अक्कल लागते. ज्वारी-बाजरी घेणाऱ्या इथल्या कुणब्याकडे यातलं थोडंच होतं. माळ्यांनी जमिनी खंडानं घेतल्या आणि बिऱ्हाडं थेट रानात टाकली. याच अनुभवाच्या जोरावर पुढं ते गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेले. सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ची, माळीनगरची. साखर कारखानदारीचा इतिहास इथून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो त्याआधीच्या पाचटाच्या छपरांपासून सुरू करावासा वाटतो.

ही छपरं रानात पडली, कारण उसाचं पाणी रात्रंदिवस चालतं. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर ब्लॉकची पद्धत बसवली, म्हणजे कुठल्या रानाला कोणत्या पिकासाठी किती वर्षं पाणी, हे आधीच ठरू लागलं. व्यवस्था चांगलीच होती. पण चारीवरची पाळी रात्री दोनला आली, तर दोनलाच उठावं लागे. गावात झोपणाऱ्याला हे जमत नाही. म्हणून वस्ती, आणि वस्ती म्हटली की कंदील घेऊन बापामागं निघालेलं पोर आलंच. बाप दारं धरणार, पोर सरीच्या टोकाला उभं राहून पाणी पोचलं की हाळी देणार. पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना पानांनी अंग कापणारा ऊस आणि मनात घोणशीची भीती. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी कसं गोड बोलायचं, हेही पोरं तिथंच शिकत. ही शिकवण कुठल्या पाठ्यपुस्तकात नसली, तरी पुढं राजकारणात अनेकांना उपयोगी पडली असावी.

गुऱ्हाळ लागलं की वस्तीची जत्रा होई. चरकाचे बैल हाकायचं काम पोराकडे. चुलवाणात चिपाड सारायला मोठा माणूस लागे आणि काईलीजवळ गुळव्याशिवाय कुणाचं चालत नसे. रस, काकवी, गरम गुळाचा गोळा या आठवणी सगळेच जुने लोक रंगवून सांगतात. गुऱ्हाळाच्या दिवसांत शाळा बुडायची, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पोरींचं तर बुडण्याइतकंही शाळेशी नातं नसे. धाकटं भावंड काखेला, जनावरांची वैरण, शेणकूट, रानात भाकरी पोचवणं. आणि गावातली शाळा दोन-तीन मैलांवर, तीही उसातल्या वाटेनं. लग्न होऊन पोरगी दुसऱ्या वस्तीवर गेली की पुन्हा तेच.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) कागलकडच्या मळ्यावरचा असाच मुलगा भेटतो. बाप त्याला शाळेतून काढून मळ्याला जुंपतो आणि तो शाळेसाठी झगडतो. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नीरेकाठच्या वस्तीनं आपला असा लेखक अजून दिलेला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पाण्याची दुसरी बाजूही पोरांनीच सोसली. साचलेल्या पाण्यामुळं हिवताप घरोघर असे. जास्त पाणी दिलेल्या भारी जमिनी खालून पाझरल्या, वर मीठ आलं आणि त्या चोपण झाल्या. १९२०च्या दशकात इंग्लिस नावाच्या इंजिनिअरनं नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या, पाणथळ जमिनींचा अभ्यास केला. चर खोदून पाणी काढायचे उपाय झाले. पण ज्याचं रान चोपण झालं, त्या कुटुंबाला खंड मात्र चुकला नव्हता. काही वस्त्या अशाच उठल्या.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. भाटघरचं नवं धरण १९२८ला झालं, वालचंदनगर उभं राहिलं, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ला आलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर हे सहकारी कारखाने झाले आणि गुऱ्हाळं मागं पडली. छपराची कौलारू घरं, कौलांचे स्लॅब झाले. दोन हजार सालानंतर वस्तीशाळा आल्या. तुटपुंज्या मानधनावर त्या चालवणाऱ्या स्वयंसेवकांचे उपकार या भागानं नीट मानलेले नाहीत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं ठरलं. आता वस्तीच्या तोंडाशी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते.

म्हणून ते बालपण संपलं, असं कुणी समजू नये. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की बॅटरी घेऊन कुणीतरी उठतंच. आणि दिवाळी झाली की त्याच वस्तीशेजारी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात. बीड-नगरकडून आलेली त्या कोप्यांतली पोरं पहाटे थंडीत आईबापांमागं फडात जातात, धाकट्याला सांभाळतात, वाढं गोळा करतात. शंभर वर्षांपूर्वी सासवडकरांची पोरं जे करत होती, जवळजवळ तेच. फरक इतकाच की सासवडकर इथं मुरले. कोपीतलं कुटुंब गाळप संपलं की उठतं आणि पोरांचं शाळेचं वर्ष दोन गावांत अर्धं-अर्धं पडून राहतं.

वस्तीवर वाढलेली ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या पेट्यांत पाणीपट्टीच्या पावत्या, खंडाच्या चिठ्ठ्या, गुऱ्हाळाच्या वह्या असतील. वडगाव, कोऱ्हाळे, पणदऱ्याच्या वाचकांना विनंती, की या दिवाळीत घरी गेलात तर त्या पेट्या उघडा. आणि आधी आजीला बोलतं करा. आजोबा गुळाचं सांगतील, शाळेचं तीच सांगेल.